गोरेगावचे आरटीओ

हिंगोली जिल्ह्याचं आरटीओ ऑफिस हिंगोलीला आहे, एमएच-38. पण सेनगाव तालुक्यात, गोरेगावला, त्याची एक बिनसरकारी शाखा चालते. तिथं एजंट लागत नाही, फॉर्म लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पासिंगला आलेल्या गाडीला चालावंही लागत नाही. गाडी लाकडाची असते, हातभर लांब. तिची चाकं फिरतात, दारं उघडतात, बॉनेट वर होतं. पण इंजिनाच्या जागी इंजिनाच्या आकाराचं सागवान असतं. ही गाडी मिस्तरी स्वतः बनवतात, स्वतः तपासतात आणि बहुतेक वेळा स्वतःच नापास करतात. म्हणून गाव त्यांना ‘आरटीओ’ म्हणतं.

मिस्तरींचं नाव सांगत नाही, कारण ते एक नव्हेतच. जुन्या ट्रकसारखी त्यांची जुळणी आहे : चेसिस एका गावच्या मिस्तरींचं, बॉडी दुसऱ्या गावच्या, आणि हॉर्न तिसऱ्याचा. हा माणूस मराठवाड्यात कुठंही सुताराच्या छपराखाली सापडेल. गोरेगावला त्याला बसवलं, कारण सोयाबीन आणि हळदीच्या त्या मुलखात बिनकामाच्या गोष्टीला इतका वेळ देणारा माणूस जास्त उठून दिसतो.

मूळ धंदा बैलगाडीच्या चाकाचा. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून लोहारानं तापवून चढवलेली धाव. हे काम बापजाद्यांपासूनचं. पुढं ट्रॅक्टर आले, उरल्यासुरल्या बैलगाड्यांना टायर आले, आणि चाकाचा सुतार रिकामा झाला. बाकीचे सुतार चौकटी, दिवाण आणि प्लायवूडकडे वळले. मिस्तरी 1950 सालाकडे वळले.

त्यांचं माप एकच : फुटाला इंच. शहरातले छंदिष्ट त्याला एकास बारा म्हणतात; मिस्तरींना तसं म्हणायची गरज पडत नाही, कारण इंच आणि सूत त्यांच्या बोटांत आहेत. महिंद्राच्या जुन्या जीपचं पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर 80 इंच. भागिले बारा, म्हणजे सहा इंच आणि वर सव्वापाच सूत. खरं तर सव्वापाचाहून केसभर जास्तच, आणि मिस्तरींचा सगळा जीव त्या केसात.

ही जीप त्यांनी एका शेतातल्या लिंबाखाली मोजली. चाकं गेलेली, हूड गेलेलं, आणि डाव्या सीटवर खुडूक कोंबडी. मिस्तरींनी कोंबडीला उठवलं नाही. तिच्या भोवतीनं माप घेतलं. वहीत आजही डाव्या सीटपुढं शेरा आहे : ‘कोंबडी उठल्यावर’. पुढच्या हंगामात जीप भंगारात गेली. त्यामुळे मॉडेलमध्ये डाव्या बाजूला सीट नाही. ‘‘अंदाजानं टाका की,’’ असं कुणीतरी सुचवलं. मिस्तरींनी त्या माणसाकडं असं पाहिलं, की तो आपणहून छपराबाहेर गेला.

अंदाज मात्र मिस्तरींना वर्ज्य आहे असं समजू नका. गिऱ्हाइकाच्या कामात ते अंदाजाशिवाय पटाशी उचलत नाहीत.

‘‘मिस्तरी, चौकट कव्हा होणार?’’

‘‘माप कुठंय?’’

‘‘तुम्हीच घेतलंय की दिवाळीत.’’

‘‘मंग पुन्हा घ्यावं लागंल. पावसाळ्यात लाकूड फुगतंय.’’

‘‘चौकट बनलीच नाही, फुगंल काय?’’

मिस्तरी चष्मा कपाळावर चढवतात. ‘‘भिंत फुगली असंल.’’

आणि कधीकाळी चौकट झालीच, तर ती विटभर इकडं-तिकडं असते. त्यावर मिस्तरींचं उत्तर तयार : ‘‘सिमिट भरून घ्या.’’ हाच माणूस संध्याकाळी जीपची जाळी कापायला बसतो तेव्हा बघावं. सागवानाची पातळ फळी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरलेली. आरीचं पातं दगडावर घासून आणखी पातळ केलेलं. एक चीर पडली की फुंकर, मग चिरेतून पोस्टकार्ड घालून बघायचं. पोस्टकार्ड जायला हवं. घडी घातलेलं पोस्टकार्ड जाता कामा नये. दोन्ही गेली तर फळी चुलीत. मिस्तरीणबाईंचा सकाळचा चहा बराचसा अशा जाळ्यांवर होतो.

चिरा किती, हाही पासिंगचा मुद्दा. शाळेतल्या एका पोरानं विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याची जीप केली आणि कौतुकानं दाखवायला आणली. मिस्तरींनी बोटानं चिरा मोजल्या. नऊ.

‘‘ही फौजेतली झाली. आपल्याकडं होती ती सातची.’’

पोराला वाटलं, मिस्तरी थट्टा करतात. पण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जीपला जाळीत नऊ चिरा होत्या, आणि युद्धानंतर नागरिकांसाठी निघालेल्या विलीजच्या जीपला सात. महिंद्रानं पुढं कित्येक वर्षं इथं बनवली ती सीजे-3बी सातचीच, वर बॉनेट उंच, कारण आत बसवलेलं इंजिन उंच. पोराची जीप दोन चिरांनी नापास झाली. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं, तेव्हा मिस्तरींनी परीक्षकांनाही नापास केलं.

रंग त्यांच्याकडे निषिद्ध. लाकडाचा असेल तोच गाडीचा रंग. म्हणून मुंबईची काळी-पिवळी बनवायला त्यांना फार वेळ लागला : अंग शिसवाचं, आणि टपासाठी पिवळंधमक हळदूचं लाकूड. हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात हळद पोत्यानं मिळते. हळदूची फळी मिळवताना मात्र मिस्तरींचं अर्धं वय गेलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ती पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून 30 ऑक्टोबर 2023 रोजी कायमची उतरली. शेवटच्या गाडीची नोंदणी 2003 ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ही बातमी ऐकून मिस्तरींनी मॉडेलच्या मीटरचा झेंडा खाली पाडला. ते स्वतः मुंबईला गेलेले नाहीत, टॅक्सीत बसलेले नाहीत. पण झेंडा वर असला की गाडी रिकामी, एवढं त्यांना ठाऊक आहे, आणि बंद झालेल्या गाडीनं रिकामं असल्याची जाहिरात करणं त्यांना खोटं वाटलं.

मॉडेल-ट्रकवरून मात्र खडाजंगी होते. गावात एक म्हातारे ड्रायव्हर आहेत. त्यांनी टाटाचा ट्रक नागपूर-हैदराबाद घासलाय. ते म्हणाले, जाळीवर मर्सिडीजचा तारा पाहिजे.

‘‘कोणत्या सालची होती तुमची?’’

‘‘बहात्तरची.’’

‘‘मंग नव्हता तारा. करार 1954 चा, संपला 1969 ला. त्यानंतर टाटाचं ‘टी’.’’

‘‘अहो, मी चालवली ती गाडी!’’

‘‘चालवताना तुम्ही आत होता. तारा बाहीर असतो.’’

यावर काय बोलावं हे ड्रायव्हरांना अजून सुचलेलं नाही. मात्र याच ट्रकपायी मिस्तरींना स्वतःची खरी जात सापडली. लोक म्हणायचे, लोखंडाची गाडी लाकडात उतरवली, कमाल आहे. मिस्तरींना ही स्तुती सहन होत नाही. कारखान्यातून तेव्हा बहुतेक ट्रकचं नुसतं चेसिस यायचं. वरचा साटा, कित्येकदा केबिनसुद्धा, सुतार ठोकायचे. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेलेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडी होती. फोर्डच्या मॉडेल टीला, 1908 च्या, चाकांत लाकडी आरे होते. त्याचं चित्र हाती आलं तेव्हा मिस्तरींनी आरे मोजले, तुंब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘हा आपला भाऊबंद.’’ त्यांच्या मते मोटार ही मुळात सुताराची. लोहार मागून घुसले.

पहिल्या एसटीचं मॉडेल करा, असा आग्रह एका मास्तरांनी धरला. मिस्तरींनी तो फेटाळला. ‘‘तव्हा आपण निजामात होतो. आपल्याकडं सरकारी मोटार 1932 ला आली. पुणेवाल्यांची पहिली, ती आपली पहिली कशी?’’ इतिहासाच्या तासाला मास्तर हे वाक्य आता स्वतःचं म्हणून वापरतात. याच न्यायानं मिस्तरींच्या एकाही गाडीला नंबर नाही. जीपवर एमएच-38 लिहिणं शक्य नाही, कारण हिंगोली जिल्हाच 1 मे 1999 चा. त्याआधी परभणी, त्याआधी हैदराबाद संस्थान. कोणत्या साली कोणत्या पाटीवर कोणती अक्षरं, याची खात्री होईपर्यंत पाट्या कोऱ्या. गोरेगावच्या आरटीओंच्या सगळ्या गाड्या बिननंबरी आहेत.

मिस्तरीणबाईंचं म्हणणं थोडक्यात आहे. ‘‘त्यांच्या गाडीचं दार आतून बी लागतंय. आपलं बाहीरून बी लागत नाही.’’ घरच्या दाराची कडी निखळून बराच काळ लोटला. रात्री दाराला वरवंटा लावतात. कडीचा विषय निघाला की मिस्तरी ‘‘उद्या’’ म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच उद्या करायचं असतं. अडचण एवढीच, की कडी मागितलेली आहे. मागितलेल्या कामाचा मालक दुसरा असतो, आणि तो ‘जमतंय’ म्हणाला की काम संपतं. न मागितलेल्या कामाला असा मालक नसतो. तिथं ‘जमतंय’ म्हणणारा मिस्तरींच्या आतच बसलेला, आणि तो फार खाष्ट आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक इंजिनिअर आले, विंटेज गाड्यांचे शौकीन. काळी-पिवळी त्यांनी हातात घेतली ती खाली ठेवेनात. चांगली रक्कम सांगितली. मिस्तरींनी मान हलवली : डावं मागचं दार अजून पास नाही. पाहुण्यांना दारात काहीच दोष दिसेना. रक्कम वाढली. मिस्तरीणबाई दारातला वरवंटा हातात घेऊन ऐकत उभ्या. गप्पांच्या ओघात पाहुण्यांनी 2021 चा नियम सांगितला : गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडीत मोठा फेरफार नको, मग तिला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. मिस्तरींचा चेहरा खुलला. सरकारात आपल्यासारखा विचार करणारा कोणी आहे, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

‘‘मंग ही तर नवीच हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पन्नास वर्सांनी या.’’

पाहुणे गेले. चौकटवाला गिऱ्हाईक कोपऱ्यात बसून सगळं बघत होता. त्याची दिवाळी कधीच उलटून गेली होती. तो उठला आणि हात जोडून म्हणाला, ‘‘मिस्तरी, माझी चौकट फुटाला इंच मापानं करा. लहान का होईना, होईल तरी.’’

हा टोमणा होता. पण मिस्तरींनी कानावरची पेन्सिल काढली.

‘‘वाडा कोणत्या सालचा?’’

आठवडा लागला. साडेसहा फुटांची चौकट साडेसहा इंचांत उतरली : उंबरठा, गणेशपट्टी, फिरत्या बिजागऱ्या, आणि आतून-बाहेरून बिनतक्रार लागणारी लाकडी कडी. पाहायला अर्धं गाव लोटलं. मिस्तरीणबाईंनीही ती कडी दोन-तीनदा लावून-काढून पाहिली, ‘‘चांगली झाली,’’ म्हणाल्या, आणि घरच्या दारासाठी दुसऱ्या दिवशी सेनगावहून सुतार बोलावला.