४००७ लावा, सेम टू सेम!

जुन्या रेडिओतला सेलेनियम रेक्टिफायर जळला की घरभर सडक्या मुळ्याचा वास सुटतो. बिघाड शोधायला मीटर लागत नाही, नाक पुरतं. बदली भागासाठी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागतो. तिथे काउंटरागणिक एकच रामबाण: "४००७ लावा साहेब, सेम टू सेम!" ४००७ म्हणजे सिलिकॉनचा डायोड: हजार व्होल्ट, एक अँपिअर, किंमत चिल्लर. आणि चालतो हो! जरा जास्तच चालतो. सेलेनियमच्या पत्र्यापत्र्यावर व्होल्टभर खर्ची पडायचा. सिलिकॉन सगळं मिळून पाऊण-एक व्होल्टात भागवतो. उरलेला दाब म्हाताऱ्या कपॅसिटरच्या माथी. म्हणून सिरीजला रेझिस्टर मागावा, तर मालक क्षणभर रोखून बघतात, मग उदार मनाने म्हणतात, "एवढी भीती वाटते तर दोन डायोड घेऊन जा!"