सगळ्या टीव्हीला चालणारा रिमोट चालंना झाल्यास

सदर मार्गदर्शिका बीड जिल्ह्यातील अकराही तालुक्यांना लागू राहील. घरात टीव्ही आहे, त्याचा मूळ रिमोट लेकराने बादलीत बुडवून ठार केला आहे आणि त्याच्या जागी आठवडी बाजारातून किंवा बसस्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानातून 'सगळ्या टीव्हीला चालतो' असे सांगून दिलेला रिमोट आणला आहे, अशी प्रत्येक व्यक्ती लाभार्थी समजली जाईल. उत्पन्नाचा दाखला जोडण्याची गरज नाही.

रिमोट आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 1995 साली युतीचे सरकार आले तेव्हा त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे उघड सांगत, आणि त्या सरकारचे उपमुख्यमंत्री होते परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे. मात्र त्या रिमोटला सेल लागत नव्हते. आपल्याला लागतात, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पण सेलांकडे वळण्याआधी लाइट आहे का ते पाहावे. हा सल्ला अपमानास्पद वाटेल, तरी लाइट नसताना रिमोटला शिव्या घातल्याची उदाहरणे गावोगाव मिळतील. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून जिल्ह्यात लाइट असलीच पाहिजे, असा हिशेब करू नये. 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते. लाइट आहे, टीव्हीखालचा लाल ठिपकाही दिसतोय, आणि तरी काही होत नसेल, तरच पुढे वाचावे.

यापुढचे प्राथमिक उपचार कोणी शिकवावे लागत नाहीत. रिमोट मांडीवर आपटणे, सेल जागच्या जागी फिरवणे, सेल उन्हात ठेवणे, सेल दाताखाली दाबणे. या परंपरेची टिंगल करायची नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. आपटल्याने सैल सेल जागेवर बसतो. फिरवल्याने स्प्रिंगवरचा गंज थोडा खरवडला जातो. ऊब मिळाली की मरणाला टेकलेला सेल आणखी एक मालिका दाखवून जातो. दाताचा उपाय तेवढा सोडावा, आतला मसाला पोटात जाण्याच्या लायकीचा नसतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून रिमोटला बसवू पाहणाऱ्यांनी आधी जाडी बघावी. घड्याळाचा सेल जाड, रिमोटचा बारीक. बसला नाही म्हणून ठोकू नये, शिवाय घड्याळ बंद पडले की पोरांची शाळा चुकते ती वेगळीच. एक नवा आणि एक जुना अशी जोडीही लावू नये, जुना नव्याला घेऊन बुडतो.

सेल नवे आहेत आणि तरी शंका आहे, तर मोबाइलचा कॅमेरा लावावा, शक्यतो तोंडाकडचा. रिमोटचे नाक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले की स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण ते अवरक्त किरण आहेत. बहुतेक रिमोट हा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा उघडझाप करतात आणि त्या उघडझापीच्या तुकड्यांतून 'आवाज वाढव' की 'चॅनल बदल' हे टीव्हीला कळवतात. उजेड दिसला तर रिमोट बोलतोय, टीव्हीला भाषा समजत नाही. उजेड दिसला नाही तर रिमोटच मुका झालाय. निदान एवढे सोपे असले तरी ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर करू नये. मोबाइलमध्ये दिसणारा आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड समजावून सांगता सांगता बातम्या संपतात.

आता या जिल्ह्याचा खास विकार. दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला कारखान्याला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. घराला कुलूप लागते. ज्वारीची कणगी झाकली जाते, टीव्हीवर जुने लुगडे टाकले जाते, आणि रिमोट सेलांसकट फळीवर ठेवला जातो. पुढे पट्टा पडतो, टोळी परत येते, कुलूप उघडते आणि रिमोटच्या पोटातून पांढरी भुकटी निघते. स्वस्तातला सेल पडून राहिला की असाच फुटतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. यावर प्रतिबंधक उपाय एकच: मुकादमाची उचल घेतली त्याच दिवशी रिमोटमधले सेल काढून ठेवावेत. उपचार म्हणाल तर ती भुकटी कोरड्या चिंधीने पुसावी, स्प्रिंगवर पॉलिश पेपर अलगद फिरवावा आणि हात धुवावेत. स्प्रिंग हातात तुटून आली तर दुःख करू नये. त्या जागी तांब्याच्या वायरीची गुंडाळी बसवणारे कारागीर दर बाजारात भेटतात.

काही घरांत म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे राहतात. तिथे दुरुस्ती फोनवरून चालते, आणि तिचा नमुना साधारण असा असतो:

"माय, लाल लाइट लागतीय का?"

"लागतीय की."

"दाबल्यावर लागतीय का तशीच लागतीय?"

"तशीच. टीव्हीला."

"मी रिमोटचं इचारायलोय."

"रिमोट पोरगं घिऊन गेलंय शाळंत."

"शाळंत कामून?"

"म्हणतंय, सर नीट करून देतेत."

अशा वेळी फोन ठेवून द्यावा. सर खरोखर नीट करून देतात.

रिमोट धडधाकट आहे आणि फक्त भाषेचा घोटाळा आहे, असे ठरले की कोड लावणे आले. रिमोटसोबत एक घडी घातलेला कागद येतो. त्यावर कंपन्यांची नावे आणि त्यांच्यासमोरचे आकडे मुंगीच्या पायांनी लिहिलेले असतात. हा कागद पहिल्याच दिवशी हरवतो, म्हणून कोड जुळल्याबरोबर तो आकडा सेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावा. स्वस्तातले काही रिमोट सेल काढले की सगळे विसरतात. टीव्हीवरच्या नावावर मात्र फार विसंबू नये. व्हिडिओकॉनचा कारखाना शेजारच्याच जिल्ह्यात, पैठण रस्त्यावर चितेगावला होता, तेव्हा खोक्यावरचे नाव आणि आतला माल एकाच घरचा असे. आज बाजारातल्या पुष्कळ टीव्हींवर नाव एक आणि आत बोर्ड भलत्याच घरचा असतो. कोड बोर्डाचा लागतो, नावाचा नव्हे. सोयरीक जमवताना करतात तशीच चौकशी इथेही खोलवर करावी लागते.

कोड सापडतच नसेल तर आपोआप शोधाची सोय असते. बहुतेक रिमोटमध्ये 'सेट' दाबून धरायचे, रिमोटवरची लाइट स्थिर झाली की टीव्हीकडे रोखून आवाजाचे बटण दाबायचे. मग रिमोट एकेका कंपनीची भाषा बोलत सुटतो. पडद्यावर आवाजाची पट्टी दिसली की त्याच क्षणी थांबवायचे. एका श्वासाचा उशीर झाला तर गाडी पुढच्या स्टेशनवर गेलेली असते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. हे काम आठवीच्या खालच्या मुलाला द्यावे. या सगळ्यात आपणच मंद आहोत असे वाटू देऊ नये. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक याने 1987 साली आपल्या नव्या कंपनीतर्फे हवे ते शिकवता येणारा रिमोट बाजारात आणला होता, आणि तो लोकांना किचकटच वाटला.

कोड जुळला तरी घरात शांतता नांदेल असे नाही. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स अशी दोन यंत्रे आणि बटण एकच, ही खरी अडचण. चालू-बंदचे बटण 'चालू हो' किंवा 'बंद हो' असे सांगत नाही, ते फक्त 'आहेस त्याच्या उलट हो' म्हणते. त्यामुळे लाइट जाऊन आली की टीव्ही चालू आणि बॉक्स बंद होतो. पुन्हा दाबले की टीव्ही बंद आणि बॉक्स चालू. हा खेळ रात्रभर चालू शकतो. उपाय म्हणजे एका यंत्रापुढे हात आडवा धरून दुसऱ्याला बटण दाबावे. 'नो सिग्नल' आल्यास छतावर चढून डिश हलवण्याआधी सोर्सचे बटण दाबून पाहावे. शंभरातली पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. ज्याने आधीच डिश हलवली, त्याला ही मार्गदर्शिका काही मदत करू शकत नाही.

दुपारी रिमोट चालत नाही आणि रात्री चालतो, अशी तक्रार पत्र्याच्या घरांतून फार येते. दार उघडे, ऊन थेट टीव्हीच्या तोंडावर, आणि उन्हातही अवरक्त किरण भरपूर. मग रिमोटचे कोण ऐकणार? हा आजार रिमोटइतकाच जुना आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉलीने 1955 साली टीव्हीवर उजेड मारून चॅनल बदलणारी बंदूक काढली, तर ऊन पडले की टीव्ही आपोआप चॅनल बदलू लागले. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलरने कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट आणला. त्यात सेल नव्हतेच, बटण दाबले की आत ॲल्युमिनियमच्या दांडीवर ठोका पडे. तो पुढे बंद झाला, नाहीतर कारखान्याला जाणाऱ्यांची मोठी सोय झाली असती. तूर्तास दाराला गोधडी टांगावी.

शेजाऱ्याच्या टीव्हीवर आपला रिमोट चालणे, हा दोष की गुण, यावर गावात एकमत नाही. फ्री डिश 2004 च्या डिसेंबरात सुरू झाली, महिन्याचा पैसा नाही म्हणून वस्त्यावस्त्यांवर पोचली, आणि एकाच जातीचे बॉक्स ओळीने बसले. आता खिडकीतून एखादे पोरगे बटण दाबते आणि शेजारच्या घरातले कीर्तन मध्येच कुस्तीत शिरते. यावर दुरुस्ती नाही. पोरगे ओळखीचे असेल तर आईला सांगावे, नसेल तर खिडकी लावावी.

बोलून चालणारे नवे स्मार्ट टीव्ही या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांचे रिमोट बरेचदा ब्लूटूथवर बोलतात, तिथे बाजारातला रिमोट फार तर टीव्ही चालू करून देतो आणि पुढे गप्प बसतो.

एवढे सगळे करून रिमोट चालला नाही, किंवा चालला पण सापडत नाही, तर टीव्हीच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे हात घालून चाचपावे. तिथे बहुतेक टीव्हींना एक बटण असते. रिमोट विकणारा ते सांगत नाही.