९६००, आठ, एन, एक

महाराष्ट्र राज्य आणि आरएस-२३२ जातीचा सीरियल पोर्ट, दोघांचं जन्मवर्ष एकच: १९६०. राज्यासाठी १ मे रोजी झेंडावंदन होतं, पोर्टाची कुणाला आठवणही नसते. पण कऱ्हाटी, सुपे, मोरगाव या पट्ट्यातली सकाळ अजून त्याच्या भरवशावर चालते. कऱ्हा नदीला वर्षातले बरेच महिने पाणी नसलं, तरी दुधाला खाडा नसतो. संकलन केंद्रात किटली रिकामी होते, नमुना फॅट मशीनला लागतो आणि वजन, फॅट, एसएनएफ हे आकडे वायरीतून कॉम्प्युटरकडे निघतात. ती वायर बऱ्याचदा याच पोर्टाची असते.

पोर्टाचा स्वभाव जुन्या वळणाचा. यूएसबीसारख्या ओळखीपाळखी काढत बसणं त्याला जमत नाही. दोन्ही बाजूंनी सगळं आधीच ठरवून यायचं. वेग किती, अक्षराला बिट किती, पॅरिटी कुठली, स्टॉप बिट किती. सगळ्यात चलनी ठराव म्हणजे ९६००, आठ, एन, एक. अक्षराचे आठ बिट, सुरुवातीचा एक, शेवटचा एक, असे दहा. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. 'आठ लिटर चारशे' एवढं सांगायला रग्गड. मात्र एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ४८०० राहिलं, की स्क्रीनवर नुसती भुताटकी उमटते. रांग खोळंबते. मग सेक्रेटरी वायर उपसतो, तिच्या तोंडात फुंकर मारतो आणि परत खोचतो. दोष सेटिंगचा असतो, पण फुंकर मारल्याशिवाय सेटिंग उघडायचं नाही हा आपल्याकडचा शिरस्ता.

शहरांतल्या सर्व्हरच्या खोल्यांत असे सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस पोर्ट एकाच डब्यात बसवतात. त्याला कन्सोल सर्व्हर म्हणतात. एकेका पोर्टाला एकेक राउटर किंवा स्विच, आणि प्रत्येकाची मर्जी वेगळी. कुणाला ९६०० चालतो, कुणी ११५२०० शिवाय बोलत नाही. मुख्य नेटवर्क झोपलं, की इंजिनिअर घरबसल्या मोबाइलच्या जोडणीवरून या डब्यात शिरतो आणि रुसलेल्या राउटरची समजूत काढतो. एवढी अद्ययावत यंत्रं, पण अडचणीत सापडली की साठी उलटलेल्या पोर्टाचंच ऐकतात.

खरी गंमत पॅरिटीत आहे. अक्षरातले 'एक' मोजायचे आणि एकूण संख्या सम किंवा विषम व्हावी म्हणून एक बिट जादा जोडायचा. वाटेत एखादा बिट उलटला, तर तिथंच पकडला जातो. दोन उलटले, तर हिशोब पुन्हा जुळतो आणि चूक बिनबोभाट पार होते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात, हे आपल्या संस्थांच्या सभासदांना बिटांच्या आधीपासून ठाऊक आहे.

आणि एवढं करून बहुतेक ठिकाणी ही तपासणी बंदच असते. ठरावातला 'एन' तेच सांगतो: पॅरिटी नाही.

म्हणून केंद्र बिनतपासणीचं राहतं असं नाही.

"किती लागली रं फॅट?"

"तीन आठ, आजी."

"काल चार हुती. गाय तीच, पेंड तीच."

"मशीन सांगतंय, आजी."

"मग मशीनला परत इचार."

सेक्रेटरी निमूट दुसरा नमुना लावतो. आकडा तीन आठच येतो. आजींचं समाधान होत नाही. त्या पावती कनवटीला लावतात. दहा दिवसांनी दुधाचा पगार होईल, तेव्हा सगळ्या पावत्या घेऊन त्या पुन्हा हजर होणार, हे सेक्रेटरीला पक्कं माहीत असतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत असल्या, तरी आजींना दोन्ही सापडतात.

सेटिंगमध्ये 'एन' ठेवणं परवडतं ते अशा गिऱ्हाइकांच्या जिवावर. ज्या केंद्रात कुणीच परत विचारत नाही, तिथं मात्र पॅरिटी चालू केलेली बरी.