कानसेन मिस्त्री

तानसेन व्हायला रियाझ लागतो. कानसेन व्हायला यंत्र घेऊन अडलेला एखादा माणूस पुरतो. असा कानसेन प्रत्येक तालुक्यात असतो. आमच्या चिंचपाड्यातले कानसेन सुरत-धुळे हायवेच्या कडेला टपरीवजा गॅरेजात बसतात. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात.

ट्रक गेला की चहाची बशी ओठाशी थांबवून मिस्त्री जाहीर करतात, "क्राऊन गेलाय. कोंडाईबारीचा घाट चढत नाही हा." ट्रक दिसेनासा होतो. घाटात त्याचं पुढे काय झालं हे बघायला कोण जाणार? त्यामुळे मिस्त्रींचं एकही निदान आजवर चुकलेलं नाही.

अडचण झाली ती बोटीची. तापीवरचं उकाई धरण १९७२ साली झालं. त्याच्या फुगवट्यात मासे धरणाऱ्या एकाच्या जुन्या मोटरबोटीचा गिअरबॉक्स खडखडायला लागला, म्हणून मिस्त्रींना बोलावणं आलं. ट्रक निघून जातो. बोट काठाला बांधलेली असते. निदान झाल्यावरही ती तिथेच राहते.

मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. काठावरची पोरं चिडीचूप. मिस्त्री तेवढे बोलत होते.

"बेअरिंग. मागच्या शाफ्टचं. पूर्ण खोलावं लागेल, भाऊ."

"पण मिस्त्री, हा न्यूट्रललाच वाजतो. गिअर टाकला की गप बसतो."

"तू पण गप बस. मला ऐकू दे."

तेवढ्यात बोटवाल्याच्या पोराने रेस थोडी वाढवली. खडखड थांबली. कमी केली, पुन्हा सुरू.

"बघा," मिस्त्री म्हणाले, "मी नुसता आलो तर अर्धा आवाज गेला."

खरं निदान त्या पोराच्या बोटांनी करून दाखवलं होतं. डिझेल इंजिन अगदी सावकाश फिरतं तेव्हा प्रत्येक स्फोटाचा हिसका वेगळा बसतो. तो हिसका पुढे जाऊ नये म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये स्प्रिंगांची डॅम्पर प्लेट असते. स्प्रिंगा ढिल्या झाल्या की गिअरचे मोकळे दात एकमेकांवर आपटतात. गिअर टाकला की पंख्याचा भार दातांना एका बाजूला दाबून धरतो, मग आवाज नाही. रेस वाढली की हिसके जवळजवळ येतात, तेव्हाही नाही. बेअरिंग गेलेलं असतं तर भाराखाली उलट जास्त घुरघुरलं असतं.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स सोडवून मागे सरकवला. प्लेटची एक स्प्रिंग मोडलेली निघाली. ती उजेडात धरून ते म्हणाले, "हेच म्हणत होतो मी. बेअरिंग नाही तर बेअरिंगच्या अलीकडचं." नवापूरच्या स्टेशनात तिकीट महाराष्ट्रात मिळतं आणि स्टेशनमास्तर गुजरातेत बसतात, मिस्त्रींचं निदान आणि बिघाड तसेच एका छपराखाली नांदतात.

पण नवी प्लेट आल्यावर वेगळेच मिस्त्री दिसले. गिअरबॉक्स परत बसवून त्यांनी कपलिंगच्या दोन फ्लँजांमधली फट फीलर गेजने चारी बाजूंनी मोजली. चार इंची फ्लँजला चार हजारांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. एका पोराने विचारलं, "बोट काठावर ओढून घेऊ?" मिस्त्री खेकसले, "जमिनीवर बोटीचा बुडखा वेगळा बसतो. मोजायचं ते पाण्यातच." तेवढा वेळ ते एक शब्दही जास्त बोलले नाहीत. ज्यांचं तोंड अंदाजाने चालतं त्यांचे हात हजारांश इंच ओळखतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. आता खडखडीचं नावही नाही.

तेव्हा तुमचाही गिअरबॉक्स वाजू लागला, तर आधी तेलाची कांडी काढून बघा: पातळी कमी आहे का, तेल दुधाळ झालंय का. दुधाळ म्हणजे आत पाणी गेलं. मग कधी वाजतो ते लिहून ठेवा: न्यूट्रलला की गिअरमध्ये, पुढे जाताना की मागे. नंतर मिस्त्रींना जरूर बोलवा. हात त्यांचे घ्या. कान मात्र ज्याची बोट त्याचेच खरे.