सेवा सुरळीत चालू आहे

लिनक्सवर डेटाबेस सेवा म्हणून बसवला की सेवा सुरू करणारं सिस्टमडी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, त्याला उभं राहायला मोजून 90 सेकंद देतं, नाहीतर नापास. काय हा उतावळेपणा! जरा बेळगावजवळच्या हिंडलग्याला येऊन शिकावं.

इथं महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 1956 साली बसवला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयाला जोडला, मुदत अमर्याद ठेवली. 'रिस्टार्ट' कायम चालू: 1 नोव्हेंबरला काळा दिन, कर्नाटकच्या इथल्या हिवाळी अधिवेशनाला मराठी भाषकांचा महामेळावा आणि त्यावर बंदी, कुणी लॉगिन न करता. रूटचे अधिकार दोन्ही सरकारांकडे. आम्हा सामान्य यूझरांना फक्त वाचण्याची परवानगी, तीही कन्नडमधून. म्हणजे गोपनीयता आयतीच जपली जाते.

परवा स्टेटस विचारलं. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, 'अ‍ॅक्टिव्ह'. लॉगमध्ये एकच ओळ: पुढची तारीख.