एकोणीस वर्षांचा ज्येष्ठ

जपानमधील एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात पांढरा सदरा, टाय, खिशावर काळी नामपट्टी आणि डोक्याला हेल्मेट अशा वेषात सायकलवरून जोडीने जाणारे दोन परदेशी तरुण दिसले, तर ते ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे, म्हणजे ज्याला जग मॉर्मन म्हणते त्या पंथाचे, प्रचारक आहेत असे खुशाल समजावे. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या आणि आता युटामधील सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या या पंथात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने आयुष्यातील दोन वर्षे प्रचाराला द्यावीत अशी अपेक्षा असते. कोणत्या देशात जायचे हे मुख्यालय ठरवते, खर्च मात्र मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी सोसायचा असतो. नामपट्टीवर आडनावाआधी ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ, अशी पदवी असते आणि अजून दाढीही धड न फुटलेल्या या ज्येष्ठाने सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना अनंतकाळच्या जीवनाविषयी चार गोष्टी सांगायच्या असतात.

त्यासाठी युटातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात त्याच्याकडून सुमारे नऊ आठवडे जपानी भाषा घोटून घेतली जाते. परिणामी विमानातून उतरताना त्याला पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि पुनरुत्थान यांवर अस्खलित बोलता येते, परंतु भांडी घासायचा साबण कोणत्या फळीवर आहे हे दुकानदाराला विचारता येत नाही. शिवाय २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे सुटसुटीत टोपणनाव टाळून पूर्ण नाव घ्यावे असा पंथप्रमुखांचा आग्रह असल्यामुळे कॅमेरा बसवलेल्या जपानी इंटरकॉमपुढे उभे राहून हा तरुण ते लांबलचक नाव जपानीत उच्चारू लागतो, आणि ते पुरे होण्याच्या आतच पलीकडून अत्यंत नम्र क्षमायाचना होऊन यंत्र बंद होते. या नम्रतेमुळेच नवखा प्रचारक पहिले काही आठवडे फसतो, कारण नकार इतका गोड असू शकतो याची त्याला कल्पना नसते आणि ‘पुन्हा कधीतरी’ हे उत्तर तो इमानेइतबारे वहीत टिपून पुढच्या मंगळवारी त्याच दारी हजर होतो.

जपानी भूमीवर या पंथाचे पीक पहिल्यापासूनच बेताचे आले. १९०१ मध्ये हिबर ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले तेथील कार्य १९२४ मध्ये गुंडाळावे लागले, तेव्हा ८८ प्रचारकांच्या खात्यावर १६६ बाप्तिस्मे जमा होते, म्हणजे माणशी दोनसुद्धा नाहीत. त्या पहिल्या तुकडीतील ॲल्मा टेलर हा एकोणिसाव्या वर्षी आला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर १९०९ मध्ये छापून होईपर्यंत राहिला. दोन वर्षे संपण्याचे दिवस मोजणाऱ्या आजच्या एल्डरांना त्याचे उदाहरण फारसे रुचत नसावे. (हा पंथ १८५२ मध्ये ह्यू फिंडले याच्यासोबत मुंबईस व पुढे पुण्यासही येऊन गेला होता, पुण्यात एक लहानशी शाखा निघाली आणि मावळलीही. त्याचे श्रेय पुणेकरांच्या चिकित्सक वृत्तीला द्यावे की तेथील इंग्रज अंमलदारांच्या आडकाठीला, हा प्रश्न स्थानिक इतिहासकारांवर सोपवणे बरे.)

तथापि एल्डरची खरी कसोटी दारावर लागत नाही, ती घरात लागते. प्रत्येक प्रचारकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि न्हाणीघर वगळता त्याच्या नजरेआड होण्याची मुभा नसते. ही जोडी म्हणजे पत्रिका न पाहता मिशनच्या अध्यक्षाने लावून दिलेले लग्न असून सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांच्या वेळी काडीमोडाची आशा बाळगता येते, इतकाच त्यात दिलासा असतो. साडेसहाला उठणे, व्यायाम, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास आणि साडेदहाला दिवे मालवणे हे सारे दोघांनी बरोबरच करायचे असते. चित्रपट नाही, पोहणे नाही, मुलींशी सलगी तर नाहीच. शेजाऱ्याच्या द्वेषबुद्धीला क्षमा करावी हे शिकवणे सोपे असते, पण जो जोडीदार भात शिजवलेले भांडे तीन दिवस मोरीत तसेच ठेवतो त्याला क्षमा करण्याचा धडा कोणत्याही पुस्तिकेत दिलेला नसतो. प्रचारकांच्या आपसांतील बोलीत नवख्याला शिकवणारा तो ‘बाप’, नवखा तो ‘मुलगा’ आणि मुदत संपून घरी जाणे म्हणजे ‘मरणे’ असल्यामुळे, अमुक एल्डर पुढच्या महिन्यात मरणार हे वाक्य तेथे हेव्याने उच्चारले जाते.

सोमवार हा ‘तयारीचा दिवस’. त्या दिवशी सदरे धुवून गच्चीवजा सज्जात वाळत घातले जातात, हंड्रेड-येन दुकानातून खरेदी होते आणि घरी बोलणे होते. २०१९ पूर्वी घरी फोन करण्याची परवानगी फक्त नाताळ आणि मातृदिन अशी वर्षातून दोनदा होती. आता दर आठवड्याला बोलता येते, आणि जपानात सोमवार सकाळ असते तेव्हा युटात रविवारची संध्याकाळ असल्याने सगळे कुटुंब सवडीने पडद्यासमोर जमते. त्याच दिवशी लिहायच्या साप्ताहिक पत्रात, एका आजीबाईंनी पत्रक परत न करता पिशवीत ठेवले, या घटनेचे रूपांतर चमत्कारात होते. पत्रे वाचणाऱ्या आईला त्यातील अतिशयोक्ती कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

मधल्या दिवसांत क्वचित कोणी घरात बोलावतेच, तर ताबडतोब चहा पुढे येतो. १८३३ च्या आरोग्यविषयक दैवी आज्ञेनुसार या पंथाला मद्य व तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे आणि त्यात हिरवा चहाही मोडतो. पाहुण्याने चहा नाकारला म्हणजे काय होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अनुभवी एल्डर बसता बसताच सातूचे थंड पाणी, म्हणजे जपान्यांचे ‘मुगिचा’, आपल्याला किती आवडते हे सांगून टाकतो, कारण त्यात चहाचे पानही नसते.

परंतु आठवड्यातला सर्वांत गजबजलेला कार्यक्रम धर्माचा नसून इंग्रजीचा असतो. चर्चमध्ये भरणाऱ्या मोफत इंग्रजी संभाषण वर्गाला गृहिणी, विद्यार्थी आणि एखादा निवृत्त कारकून नियमाने येतात. वर्गाच्या शेवटी होणारे छोटे प्रवचन ते अतिशय शांतपणे ऐकतात आणि त्यातील ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही त्याचे स्पेलिंग विचारतात. निवृत्त कारकुनाची हजेरी तर मिशनच्या अध्यक्षाच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीपेक्षा कितीतरी जुनी असते. त्याने एल्डरांच्या अनेक पिढ्या पाहिलेल्या असतात, उच्चारावरून मुलगा युटाचा की आयडाहोचा हे तो ओळखतो, कितव्या महिन्यात त्याला घरची आठवण अनावर होईल हेही जाणतो, आणि कोणत्या गल्लीत घंटी वाजवू नये याची सूचना निरोप घेताना निर्दोष इंग्रजीत देऊन जातो.

रविवारी रात्री आठवड्याचे आकडे वरिष्ठाला, म्हणजे वीस वर्षांच्या दुसऱ्या एल्डरला, कळवायचे असतात: किती जणांना शिकवले, किती जण उपासनेला आले, किती जणांच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली. शेवटच्या रकान्यात शून्य भरल्यावर मधल्या रकान्यासाठी जोडीदारांत दबक्या आवाजात खल होतो, कारण निवृत्त कारकून त्या सकाळी आला होता खरा, पण प्रार्थनागीतातील नवे शब्द उतरवून घ्यायला. अखेर त्याला धरावे असे ठरते. आधीच्या प्रत्येक जोडीचेही तेच ठरले होते, त्यामुळे मिशनच्या दप्तरात हा गृहस्थ गेली कित्येक वर्षे दर बदलीनंतर ‘नवा आणि आशादायक’ म्हणून नव्याने नोंदला जात आहे.