परमुलखातल्या पराभवाची मीमांसा

परमुलखात हॉकीचा संघ हरला, की त्याची कारणे प्रशिक्षकाआधी टपरीवर सापडतात. एप्रिल २०२४मध्ये भारतीय पुरुष संघ पर्थला ऑस्ट्रेलियाकडून पाचही सामने हरला. तेव्हा आयपीएल सुरू होती. त्यामुळे सामने कुणी पाहिले नव्हते. मत देण्याच्या आड मात्र ते येत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या नरडाण्यात अर्ध्या कटिंगवर आधी हवा दोषी ठरते, मग पंच, मग निवड समिती. खान्देशातले एप्रिलचे ऊन डोक्यावर घेणाऱ्याने पर्थच्या हवेला नावे ठेवावीत, हे विशेष. पेनल्टी कॉर्नर वाया गेला, की ‘सरळ मारायचा होता ना भो!’ एवढे पुरते. गोलरक्षकासह पाच जण अंगावर धावून येतात, हा तपशील किरकोळ.

ऑगस्टमध्ये पॅरिसला त्याच ऑस्ट्रेलियाला भारताने ३-२ हरवले. ऑलिंपिकमध्ये हे ५२ वर्षांनी घडले. दोन दिवसांनी अमित रोहिदासला लाल कार्ड मिळूनही दहा जणांनी ब्रिटनला १-१ रोखले आणि शूटआउट ४-२ जिंकले. या विजयांचे कारण टपरीला एप्रिलपासूनच ठाऊक होते.